लाल शाईतलं रसग्रहण

२८ एप्रिल २०२५, सोमवार

दीपाने आज मोबाईलवर लिंक पाठवली. बसली होती माझ्यासमोर, त्याच खोलीत, तरी मोबाईलवर! बी.ए. झाल्यावर नातीने पुण्याला फिल्मचा कोर्स धरला, त्याचा हा पहिल्या वर्षाचा प्रकल्प — रॉक गाण्याचा व्हिडिओ. दिग्दर्शन तिचं, एडिटिंग तिचं. गाणारी तिची मैत्रीण पंकजा, पाथर्डीकडची. बाकी तीन पोरं वाजवणारी. फेब्रुवारीत इथेच, कोल्हारच्या पुलावर शूटिंग झालं तेव्हा मी खोकल्याने अंथरुणात होतो.

म्हणाली, "आजोबा, कवितेचं करायचात तसं याचं रसग्रहण करून द्या. अजून कुणालाच दाखवला नाही. अहवालात एका प्रेक्षकाचं मत जोडायचंय. मला तुमचंच हवंय."

केवढा मान! छत्तीस वर्षं आठवी ते दहावीला मराठी शिकवलं. निवृत्तीनंतर रसग्रहण कुणी मागितलं नव्हतं.

दुपारी लावला. एकदम धडाडधूम आवाज, केस मोकळे सोडलेली मुलगी, चित्र एका जागी ठरेना. डोकं गरगरलं. मिनिटभर पाहिलं असेल. मग बोटाने पुढे सरकवून शेवट पाहिला. नावं आली. बंद केला.

कल्पना आली.

२९ एप्रिल

दोन फुलस्केप पानं झाली. आशय, कल्पना, भाषा — नेहमीचे तीन मथळे. भाषेच्या जागी 'चित्रभाषा' लिहिलं. शब्द सुचल्याचा आनंद काही औरच!

इथे उतरवून ठेवतो: "कॅमेरा सतत हलतो. हात स्थिर ठेवण्याचा सराव करावा." "ध्रुवपदाला पुलाचे तेच ते चित्र — कल्पनादारिद्र्य." "गायिकेच्या मुद्रेवर भाव नाही, आरोळी आहे." शेवटी लाल शाईने शेरा: "परिश्रम दिसतात. दृष्टी दिसत नाही. ४/१०."

शेरा फार आवडला. दोनदा मोठ्याने वाचला.

१ मे

महेंद्रने जेवताना दीपाकडून ती पानं मागून घेतली. माझा मुलगा साखर कारखान्याच्या लॅबमध्ये आहे. दीपाचा कोर्स त्याला पहिल्यापासून पसंत नाही. सगळं मोठ्याने वाचलं. शेऱ्याशी थांबला. पुन्हा वाचला.

"बघ. मी नाही म्हणत, आबा म्हणतायत. दृष्टी नाही."

सून ज्योती म्हणाली, "अहो, पोरगी जेवतीय. जेवू तर द्या."

"जेवू दे की! पण पुण्याला दुसरं वर्ष नाही. बी.एड.चा अर्ज भरायचा, पंधरा तारखेच्या आत. छत्तीस वर्षं पेपर तपासलेला माणूस घरात आहे, आणखी कुणाला विचारायचं?"

मला वाटलं होतं, दीपा रडेल, भांडेल. तिने फक्त माझ्याकडे पाहिलं. "आजोबा, मध्ये आवाज थांबतो ना, तिथे तुम्हाला कसं वाटलं?"

मला काय ठाऊक, मध्ये आवाज थांबतो! म्हणालो, "तो भाग... जरा लांबलाय."

"बरं."

अर्धी भाकरी ताटात ठेवून उठली.

२ मे

'लांबलाय.' — कुठून सुचलं मला!

३ मे

महेंद्रने माझ्या पानांचे फोटो 'आपला परिवार' ग्रुपवर टाकले. अंगठ्यांवर अंगठे. कुणी लिहितं, "सर ते सर!" कर्जतहून माझ्या लेकीचा, जयमालाचा आवाजी निरोप आला — "आबा, लई भारी! अजून लाल पेन सुटला न्हाई व्हय तुमचा? दीपे, आता कॅमेरा ठेव आन् खडू धर बाई!" पुढे हसणं.

दीपाही त्या ग्रुपवर आहे. आतल्या खोलीतून तिच्या मोबाईलवर तोच निरोप वाजलेला ऐकू आला.

मी सांगू शकलो असतो. एक ओळ लिहायची होती. मी हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

५ मे

झोप नीट नाही. आज लिहूनच टाकतो. वही कुणी उघडत नाही.

निबंधाच्या वह्या मी पूर्ण वाचत नसे. पहिला परिच्छेद, शेवटचा परिच्छेद, मधे एक तिरकी रेघ अन् गुण. तीन तुकड्यांच्या एकशे ऐंशी वह्या — कोण वाचणार? अक्षर बघून कळतं, असं मी स्वतःला सांगत आलो.

एकदा आदिनाथ नावाच्या पोराने 'माझी आवडती ऋतू' अशा चुकीच्या मथळ्याखाली सुरुवातीला थंडी, शेवटी थंडी अन् मधे अख्खं सिनेमाचं गाणं लिहिलं. दोन्ही कडवी! मी रेघ मारली अन् सात गुण दिले. वही कशी कोण जाणे मुख्याध्यापक आप्पासाहेबांच्या हाती गेली. त्यांनी ते गाणं शिक्षकांच्या खोलीत चालीवर म्हणून दाखवलं. सगळे हसले. मीही हसलो.

मग वर्गात जाऊन आदिनाथला पट्टीने मारलं. त्याने हात मागे घेतला नाही. एवढंच म्हणाला, "पन सर, तुमी सात दिलेत न्हवं?"

मी आणखी दोन मारल्या.

६ मे

दीपा आईबरोबर राहात्याला बाजाराला गेली. तिचे इअरफोन टेबलावर होते. घेतले. न विचारता.

चार मिनिटं बत्तीस सेकंद. एवढंच! कवितेच्या एका तासाचा आठवा भाग. तेवढाही मी नातीला दिला नव्हता.

पहिल्यांदा सलग पाहिलं. दुसऱ्यांदा आवाज बंद करून. तिसऱ्यांदा कागद-पेन्सिल घेऊन — चित्र बदललं की एक रेघ. एकशे एकोणनव्वद रेघा झाल्या.

अन् त्यांत एकही अंदाधुंद नाही. कट ड्रमच्या ठोक्यावर पडत नाही, ठोक्याच्या किंचित आधी पडतो. चित्र पुढे निघून जातं, ठोका धावत येऊन त्याला गाठतो. छातीत धडधडतं ते त्यामुळे. मी त्याला गोंधळ समजून बसलो होतो.

कॅमेरा हलतो. हलतोच! पण फक्त रस्त्यावरच्या चित्रांत. मोटारसायकलवर मागे बसून घेतलेली आहेत. नगर-मनमाड रस्त्याचा एकेक खड्डा त्यांत उतरलाय. ऊसतोडीवाल्यांच्या कोपीतली, त्या पाचटाच्या झोपडीतली, चुलीजवळची चित्रं मात्र भिंतीवर टांगलेल्या तसबिरीसारखी स्थिर. चुलीचा उजेड पिवळा, रस्ता राखाडी. घर सुटलं की चित्र हलायला लागतं — अन् रंग जातो. हे कुठे शब्दांत सांगितलेलं नाही. सांगायला नकोच.

ध्रुवपद चार वेळा येतं. पूल तोच. पण पहिल्या वेळी चौघं मुंग्यांएवढी, नदीचं पात्र अन् आभाळच जास्त. दुसऱ्या वेळी माणसाएवढी. तिसऱ्या वेळी पंकजाचा चेहरा. चौथ्या वेळी नुसते तिचे ओठ. आम्ही शिकवायचो — ध्रुवपद तेच असतं, पण प्रत्येक कडव्यानंतर त्याचा अर्थ वाढतो. ते ही पोरगी नुसतं कॅमेरा पुढे नेऊन करते! अन् मी? एक ध्रुवपद पाहिलं अन् चारांवर शेरा मारला.

आणि तीन मिनिटं चार सेकंदांवर सगळं थांबतं. ड्रम, गिटार, गाणं. पुलावरून उसाची ट्रॉली येते. मोळ्यांवर एक बाई बसलेली. भागूबाई — पंकजाची आई. शेवटच्या नावांत तिचं नाव आहे. ती आपल्याकडे बघते. डोळ्यांवर हात धरते. काहीतरी बोलते. ओठ हलतात, आवाज नाही. अकरा सेकंद. मधे एकही कट नाही. सबंध गाण्यात लेकीच्या ओठांना आवाज आहे, आईच्या ओठांना नाही. आणि मग ते चौथं ध्रुवपद.

आमचे गुरुजी कविता म्हणवून घेताना टेबलावर डस्टरने ठेका धरायचे. यती आली, म्हणजे चरणातली थांबायची जागा आली, की डस्टर हवेत राहायचं. साठ पोरं श्वास धरून. बाहेरच्या लिंबावरचा कावळा तेवढा ऐकू यायचा. केवढं भरलेलं असायचं ते थांबणं! दीपा सातवीत असताना मीच तिला हे सांगितलं होतं. मला वाटलं होतं, ती ऐकत नाही, खिडकीबाहेर बघतेय.

लांबलाय म्हणे!

बाजारातून आल्यावर ज्योती म्हणाली, "आबा, डोळे लाल का?" म्हणालो, मोबाईल पाहिला. निदान हे तरी खरं.

८ मे

महेंद्रला सांगायचं ठरवून सकाळी ओट्यावर बसलो. तो बूट घालत होता. म्हणालो, "महेंद्र, ते व्हिडिओचं—" तो म्हणाला, "आबा, तुम्ही लिहिलंत म्हणून बरं झालं. मी बोललो असतो तर बाप वैरी ठरला असता."

मी म्हणालो, डबा घेतलास का.

९ मे

दीपाला विचारलं, "ती ट्रॉलीवरची बाई काय म्हणते गं?"

चटकन वळली. "पाहिलंत?"

"परत एकदा पाहिलं." — परत! तिथेही खोटं.

ती शेजारी येऊन बसली. कॅमेरा तेव्हा पंकजाच्या हातात होता. बोडक्या डोक्याने उन्हात उभी. आई वरून ओरडली, "आगं, डोक्याला कायतरी बांद की! ऊन लागंल!"

"मग आवाज आला नव्हता का?"

"आला होता ना, चांगला स्वच्छ. मी काढून टाकला."

"का?"

"ऐकू आलं असतं तर लोकांनी नुसतं ऐकलं असतं, आजोबा. तिच्याकडे बघितलं नसतं."

या मुलीला मी लिहून दिलंय — दृष्टी दिसत नाही. लाल शाईने.

बी.एड.चा अर्ज महेंद्रने आणून ठेवलाय. तिने नाव-पत्ता भरलाय. अक्षर सुंदर आहे.

१२ मे, बुद्धपौर्णिमा

विहारात पंचशील मी म्हणतो, लोक मागून म्हणतात. वीसेक वर्षांचा रिवाज. तीन शीलं झाली. चौथ्याला — खोटं बोलण्यापासून दूर राहीन — घशातून आवाजच निघेना. मागे दीपा पांढऱ्या साडीत उभी. शेजारच्या काकासाहेबांनी पुढचं सावरून नेलं. नंतर पाण्याचा पेला देत म्हणाले, "वय झालं आता सर. ऊनबी लई हाय."

वय नाही, काकासाहेब.

घरी आलो. खिरीच्या वाट्या वाढलेल्या. सगळ्यांसमोर बोललो — जमवून नाही, जसं आलं तसं. व्हिडिओ मी पाहिला नव्हता. मिनिटभर पाहिला अन् दोन पानं लिहिली. मधलं 'लांबलाय' हेही खोटं. आता तीनदा पाहिलाय. पोरगी असं काही घडवते की ते मला शिकवता आलं नसतं.

कुणी वाटीला हात लावेना. ज्योतीने पदर तोंडाशी धरला. दीपा खाली बघत होती.

महेंद्रचा चेहरा रागाचा नव्हता, हेच वाईट. आठवीला तो माझ्याच वर्गात होता. म्हणाला, "आबा, माझे निबंध वाचत होतात का?"

आज चौथं शील माझ्याच तोंडात अडकलं होतं.

"नाही," म्हणालो.

तो उठून अंगणात गेला. खीर तशीच.

१३ मे

महेंद्र माझ्याशी बोलला नाही. संध्याकाळी दीपाला म्हणाला, "टीव्हीला जोड तो व्हिडिओ." एकटाच खुर्चीत बसून पाहिला. आम्ही तिघं दारात. ट्रॉली आली तेव्हा पुढे वाकला. संपल्यावर म्हणाला, "हलतंय फार." मग, "हंगामात रोज शंभर ट्रॉल्या गेटवर बघतो मी. उसाचा नमुना काढतो. वर कोण बसलंय, कधी बघितलं नाही."

अर्ज घडी करून त्याने कपाटात टाकला. "पुण्याला कधी निघायचंय?" — तिला. मला नाही.

परिवाराच्या ग्रुपवर मी लिहिलं: वरील रसग्रहण व्हिडिओ न पाहता लिहिले आहे, ते रद्द समजावे. अंगठा एकाचाच आला. जयमालाचा फोन आला, ती म्हणाली, "आबा, असं चारचौघांत कशाला लिवायचं?"

१५ मे

दीपा सकाळच्या एस.टी.ने गेली. पाया पडू दिलं नाही मी. जाताना तिचा छापलेला अहवाल हातात दिला. "वेळ मिळेल तसं वाचा. घाई नाही."

महेंद्रने आज चहाचा कप माझ्यापुढे ठेवला. बोलला नाही, पण ठेवला.

१७ मे

अहवाल वाचतोय. एकही ओळ न गाळता. माझी दोन पानं तिने जोडली आहेत, शेऱ्यासकट. त्यांच्याआधी एक तक्ता आहे:

'प्रेक्षक १, वय ७४. व्हिडिओ पाहिल्याचा वेळ, यूट्यूबवरच्या नोंदीप्रमाणे — २८ एप्रिल : १ मि. २२ से. ६ मे : ४ मि. ३२ से., तीन वेळा.'

लिंक तेव्हा एकट्या माझ्याकडेच होती. म्हणजे त्या रात्री बाप ताटावर माझी पानं वाचून दाखवत होता, तेव्हाच तिला माहीत होतं. मोबाईल उघडून दाखवला असता तर एका वाक्यात सुटली असती.

तिने मला सोडवलं.