मी बडबडतो ती नानकटाईची कृती आहे

मी, नामदेव महादू देसले, ज्याला दिघाशीपासून कामतघरपर्यंत नामा बेंजोवाला म्हणतात, वय वर्षे ७१, धंदा पूर्वी लूमवर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, सध्या घरी बसून लोकांची बोलणी ऐकणे, राहणार कामतघर, भिवंडी, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने करून ठेवत आहे. मला कोणी काही पाजलेले नाही, धमकावलेले नाही, गोड बोलून फसवलेले नाही. याआधी मी एकही मृत्युपत्र केलेले नाही, कारण याआधी मला वेडा ठरवण्याची कोणाला गरज पडली नव्हती.

कलम १. माझ्या डोक्याबाबत

ही बाब इतरांच्या मृत्युपत्रात एका ओळीत उरकते, असे माझ्या वकील संघरत्नाताई जाधव म्हणाल्या. माझ्या बाबतीत उरकणार नाही. ताईंनी दोनदा सांगूनही मी हे कलम लांब ठेवत आहे.

माझा मुलगा भूपेश मानकोलीकडच्या एका गोदामात सुपरवायझर आहे आणि कल्याणला फ्लॅटमध्ये राहतो. त्याची मुलगी मेघाली, वय १७, कॉलेज जवळ पडते म्हणून माझ्याकडे राहते. तिचा नाचाचा ग्रुप आहे. गेल्या ऑगस्टमध्ये मी नानकटाईसाठी तूप फेटत असताना या मुलीने मला न विचारता मोबाईलवर माझा व्हिडिओ काढला. फेटताना माझी कंबर हलते. बेंजो वाजवतानाही हलायची, त्याला मी काय करू? मेघालीने व्हिडिओला मागून लूमचा खटखटाट लावला, त्या ठेक्यावर माझ्या कंबरेची एक स्टेप बसवली, आणि आठ पोरींनी ती कॉलेजच्या कार्यक्रमात केली. तिचे नाव ठेवले ‘आजोबा स्टेप’. पहिला नंबर आला. बक्षीस तिने घेतले आणि शिव्या मी खाल्ल्या.

कारण तो व्हिडिओ भूपेशच्या गोदामात पोचला. भूपेश समोरून गेला की हमाल कंबर हलवू लागले. पण त्याला खरे झोंबले ते वेगळेच. व्हिडिओत मी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून बोलताना दिसतो. “झालं का आता? का अजून फेटू?” असे विचारतो, आणि मग बायकी आवाजात स्वतःच उत्तर देतो. त्या खुर्चीत माझी बायको रंगूबाई बसायची. ती जानेवारी २०२२ मध्ये वारली.

भूपेश त्याच आठवड्यात रिक्षा घेऊन दारात आला. “पप्पा, चला. नुसतं चेकअप आहे.”

मी म्हणालो, “मला काही झालेलं नाही.”

“तेच डॉक्टरला सांगू दे ना.”

कल्याणच्या डॉक्टरांनी मला वार विचारला, महिना विचारला, घड्याळ दाखवून हे काय म्हणून विचारले. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला घड्याळ! मग म्हणाले, शंभरातून सात वजा करत जा. मी त्र्याण्णव, श्याऐंशी करत दोनपर्यंत पोचलो तेव्हा ते बस बस म्हणत होते. जॉबरचे सगळे आयुष्य लूमच्या ठोक्यांचा हिशेब ठेवण्यात जाते. शेवटी त्यांनी विचारले, “आजोबा, घरी कोणाशी बोलता?” तेव्हा मी त्यांना जे सांगितले ते कलम ४ मध्ये लिहिले आहे. ते ऐकून त्यांनी प्रमाणपत्र दिले की माझे मन व स्मरणशक्ती शाबूत आहे. मूळ प्रत सोबत जोडली आहे. झेरॉक्स भूपेशला दिली आहे. त्याने ती घडी करून खिशात टाकली.

कलम २. खोली

कामतघरची खोली माझ्या कमाईची आहे. ती माझ्यामागे भूपेश आणि माझी मुलगी वैशाली, राहणार वज्रेश्वरी, या दोघांना समसमान मिळावी. मात्र मेघालीचे शिक्षण संपेपर्यंत ती विकू नये आणि पुढच्या भागात तिला नाचाची प्रॅक्टिस करू द्यावी. खालच्या मजल्यावरचे मनोज केणे छत हादरते म्हणून तक्रार करतील. त्यांनी पंचवीस वर्षे लूमच्या शेजारी झोप काढली आहे. पोरींच्या पायांनी त्यांची झोपमोड होते हे मला मान्य नाही.

दिघाशीच्या वडिलोपार्जित जमिनीतला माझा हिस्सा आणि बँकेत जे असेल ते, याचेही याच दोघांत दोन सारखे भाग करावेत. यावर भांडू नये. भांडायचेच असेल तर मी जिवंत असताना भांडावे, म्हणजे मला मध्ये बोलता येईल.

कलम ३. शर्ट

माझ्या लोखंडी कपाटात अकरा शर्ट आहेत. एक पोपटी असून त्यावर लाल फुले आहेत, एक जांभळा आहे, एकावर मोर आहेत. भूपेश यांना ‘पप्पांचे तमाशे’ म्हणतो. ते सगळे रंगूबाईने शिवलेले आहेत. लूमवरून मी कटपीस आणायचो. लग्ना-हळदीत वाजवणाऱ्या आमच्या बेंजो पार्टीला युनिफॉर्म परवडत नव्हता, म्हणून ती म्हणाली, “सगळ्यांना एकसारखा न्हाय जमत, तं सगळ्यांना येगळायेगळा करू. लोकांना वाटंल मुद्दाम केलाय.” तसेच झाले. शर्टांची ती मोठी टोकदार कॉलर तिने वज्रेश्वरीच्या जत्रेत एका जादूगाराच्या अंगावर पाहिली आणि घरी येऊन वर्तमानपत्रावर कापली. पुढे तीन गावच्या पार्ट्यांनी आमची कॉलर उचलली. एकानेही नाव घेतले नाही.

दहा शर्ट मेघालीला. तिने ते कापावेत, उसवावेत, नाचाला वापरावेत. पोपटी शर्ट भूपेशला. त्याने तो घालावा अशी अट मी घालत नाही. कपाटात ठेवावा आणि दार उघडले की दिसावा.

कलम ४. ओव्हन, तीन ट्रे आणि नानकटाईची कृती

हे सर्व भूपेशला. होय, भूपेशला. ताईंनी विचारले, चूक तर नाही ना झाली? चूक झालेली नाही.

रंगूबाई दर दिवाळीला गोळे वळून गल्लीच्या टोकाच्या भट्टीवर ट्रे घेऊन जायची. तिथे रांगेत चार बायकांचे बघून, भट्टीवाल्याला प्रश्न विचारून विचारून हैराण करून तिने नानकटाई आपल्या हाताची केली. भट्टी पडली, तिथे इमारत आली. तिने माझ्याकडे घरच्या ओव्हनचा हट्ट धरला. मी त्या वर्षी पार्टीसाठी नवा अ‍ॅम्प्लिफायर घेतला. तिने ओव्हनचे नाव पुन्हा काढले नाही. मीही विषय काढला नाही. हे भूपेशला माहीत नाही, म्हणून लिहून ठेवतो.

२०१९ मध्ये लकव्याने तिची डावी बाजू गेली. ती डावरी होती. शिवण, स्वयंपाक, सगळे त्या हातात होते. वैशालीने तिच्या सासरी पडून असलेला ओव्हन आणून दिला, कशासाठी ते मला तेव्हा कळले नाही. रंगूबाईला कळले. लॉकडाऊनमध्ये लूम बंद, मी घरात. एका सकाळी तिने मला खुर्ची ओट्यापुढे ओढायला लावली.

“तूप घे. वाटीभर.”

मी घेतले.

“ती चहाची वाटी हाय. मोठी घे. डोले हायेत ना तुला?”

“घेतली. आता?”

“फेट.”

मी फेटू लागलो. पाच मिनिटांनी विचारले, “झालं का?”

“न्हाय.”

“आता?”

“चार चार तास बेंजो वाजवलास तवा हात न्हाय दुखला, आताच कसा दुखतो? पांढरा झाला पायजे. पाण्यात थेंब टाक. बुडला? मंग अजून फेट.”

थेंब तरंगला तेव्हा माझा दंड भरून आला होता. मग पिठीसाखर, तुपाच्या वाटीला बोटभर कमी. (“पूर्ण नको. गोड मिट्ट खायची तं पेढं आन.”) मग दीड वाटी मैदा, अर्धी वाटी बेसन, दोन चमचे रवा, चिमूटभर सोडा, वेलची. मळायचे नाही, नुसते गोळा करायचे. (“चपाती करतोस काय? दाबू नको, दाबू नको, ऱ्हाऊ दे तो हात!”) गोळे वळून अंतर ठेवून मांडायचे. ओव्हन आधी तापवायचा. वास दारापर्यंत आला की बघायचे. वर भेगा पडल्या पाहिजेत. भेगा नाहीत तर नानकटाई नाही.

पहिली खेप जळली. दुसरी ट्रेला चिकटली. सातवी तिने खाल्ली, अर्धी, आणि म्हणाली, “बरी हाय.” पंचेचाळीस वर्षांत माझ्या वाजवण्याला तिने कधी बरे म्हटले नव्हते.

पुढे दीड वर्ष ती खुर्चीतून ओरडत राहिली आणि मी करत राहिलो. तिने काही लिहून दिले नाही, तिला लिहिता येत नव्हते. मला कृती पाठ आहे ती तिच्या ओरडण्याच्या क्रमाने. ओरडणे वगळले की माझे पुढचे अडते. एकदा गप्प राहून करून पाहिली, बेसन विसरलो. म्हणून मी दोघांचेही बोलतो. मला भूत दिसत नाही. खुर्ची रिकामी आहे हे मला घरातल्या कोणापेक्षाही जास्त माहीत आहे.

भूपेशने दर दिवाळीला एक ट्रे स्वतःच्या हाताने करावी. सूनबाईवर ढकलू नये. गप्प राहून जमली तर आनंदच आहे. नाही जमली तर वरचे सगळे मोठ्याने वाचत जावे.

कलम ५. बेंजो

या कलमाचा मजकूर आज सकाळी बदलावा लागला, त्याला कारण दौलत.

दौलत गायकर आणि मी दिघाशीचे. त्याची ढोलकी, माझा बेंजो. आमच्या पार्टीचा गाजलेला ठेका मला एका बिघडलेल्या लूमवर सापडला. ते यंत्र दर चौथा ठोका चुकवायचे. मालक म्हणाला दुरुस्त कर, मी दोन दिवस मुद्दाम केले नाही, संध्याकाळी दौलतला आणून ऐकवले. तो तिथेच एका पेटीवर वाजवू लागला. त्या ठेक्यावर अडतीस वर्षे हळदी नाचल्या.

मग त्याने ढोलकी विकली आणि डीजे घेतला. मी तेही सोसले. पण २०१४ मध्ये माझ्याच वैशालीच्या हळदीत तो डीजे घेऊन आला, आमचाच ठेका मशीनवर लावला आणि मी बेंजो घेऊन बसलो होतो, त्याचा आवाज कोणाला ऐकू गेला नाही. मी बेंजो पेटीत ठेवला. अकरा वर्षे आम्ही बोललो नाही. तो रंगूबाईच्या दहाव्याला आला, घाटावर मागे उभा राहिला आणि निघून गेला. तेही मी विसरलेलो नाही.

गेल्या महिन्यात तो दारात उभा. काठी टेकत, धापा टाकत.

“नाम्या, तुला येड लागलाय म्हनं.”

“कोण बोलला?”

“भूपेशचा फोन आलता. इचारत व्हता, पप्पा पयल्यापासून एकटं बोलतात काय?”

“मंग तू काय सांगितलास?”

“सांगितला, पन्नास वरसां बडबडतोय. गप्प बसला तं मना फोन कर, मंग डॉक्टरकडं नेऊ.”

मी त्याला आत ये म्हटले नाही. तो आपणच आला. समोर ट्रे होती, न विचारता तीन नानकटाया खाल्ल्या आणि साखर कमी आहे म्हणाला.

मी मसुद्यात बेंजो त्याच्या नावे लिहिला. चाळीस वर्षे त्याचा त्यावर डोळा आहे. साक्षीदार म्हणूनही त्यालाच बोलावले. आज ताईंनी वाचून सांगितले की ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, उद्या कोणी हरकत घेतली तर पंचाईत होते. दोन्हीतले एक निवडा.

दौलत लगेच म्हणाला, “बेंजो खोडा.”

मला राग आला. “अरे, इतकी वर्षं मागतोस आणि आता नको?”

“बेंजो काय, कुनी पन वाजवंल. तू शाना हायेस ह्ये लिवून द्याला दुसरा कोन हाय रं तुला? पोरांनी तुला म्हातारा बघितलाय. मी तुला पयल्यापासून बघितलाय.”

ताई कागदात बघत राहिल्या. मी बेंजोपुढचे दौलतचे नाव खोडले आणि बाजूला सही केली. सही जरा वाकडी आली, त्याचा संबंध वयाशी आहे.

तेव्हा बेंजो मेघालीला. दौलत जेव्हा मागेल तेव्हा तिने तो त्याला द्यावा आणि परत मागू नये. ताई म्हणतात ही अट कायद्यात बसत नाही. मी म्हटले, मेघालीच्या डोक्यात बसली म्हणजे झाले. ती दाराआडून ऐकत होती, हो म्हणाली.

कलम ६. शेवटचे

माझ्या अंत्ययात्रेत डीजे नको. बेंजोही नको, कारण आता कोणी धड वाजवत नाही आणि मला उठून सांगता येणार नाही. पोरींना नाचायचे असेल तर नाचू द्यावे. भूपेशने त्यांना अडवू नये. त्याला रडायचे असेल तर त्यालाही कोणी अडवू नये. लहानपणी तो फार रडायचा, मीच त्याची ती सवय मोडली. ते चुकले.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी अ‍ॅडव्होकेट संघरत्ना जाधव यांनी करावी. वरील सर्व मजकूर मी सांगितला, ताईंनी टाईप केला, मी चष्मा लावून वाचला आणि दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारले. तो मला मान्य आहे म्हणून खालील साक्षीदारांसमोर सही केली आहे.

ठिकाण: कामतघर, भिवंडी
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५

(सही) नामदेव महादू देसले

साक्षीदार:

१. (सही) मनोज केणे, तळमजला. छताबद्दलची तक्रार कायम ठेवून सही करत आहे.

२. (सही) दौलत गायकर, दिघाशी. नामाने माझ्यासमोर सही केली. त्या वेळी तो पूर्ण शुद्धीवर होता आणि नेहमीसारखाच चिडलेला होता.