बंबाचं इंजिन आणि चोवीस लिटर पाणी

३ जानेवारी
रागिणी माहेरी गेली, शेंदूरजनाघाटला. जाताना म्हणाली, या घरात हे इंजिन राहीन नाई तं मी राहीन. बत्तीस वर्षं शाळेत वाफेची शक्ती शिकवली, ती बायकोला पटू नये! तिच्या माहेरचा तांब्याचा बंब इंजिनाला वापरला, खरा राग त्याचा. २१ तारखेला लग्नाला चाळीस वर्षं होतात. त्या दिवशी इंजिनाच्या विजेवर दिवा लावून दाखवतो, मग येशील का, विचारलं. पाहू म्हणाली. म्हणजे येणार.

६ जानेवारी
बंबाच्या तोंडावर झाकण बसवून स्वतः कथलाचा डाग दिला. पंधरा मिनिटांत! वर कुकरची शिट्टी. सेफ्टीच्या बाबतीत मी तडजोड करत नाही.

९ जानेवारी
चाक फिरायच्या आत शिट्टी उडते, वाफ वाया. शिट्टीवर अडकित्ता बांधला. चाकाच्या दोन फेऱ्या पूर्ण!! तिसरीला बंब थरथरायला लागला. विस्तव बाहेर ओढला, हात भाजला. घाबरलो नव्हतो. शेजारच्या तानुबाई भिंतीवरून ओरडल्या, मास्तर, आमाले मारता काय, पोलिसात जातो मी. जठारपेठेत विज्ञानाला किंमत नाही.

१० जानेवारी, सकाळी ११
कायद्याची बाजू भक्कम हवी. बॉयलर ऑफिसला फोन. तिथल्या माणसानं भांडं किती लिटरचं ते विचारलं. चाळीस, म्हणालो. मग नोंदणी लागते म्हणे, तपासणी लागते, पंचवीसच्या आत असतं तं गोष्ट वेगळी. मी चोवीसच लिटर भरतो, सांगितलं. तर म्हणे, कायदा भांडं पायते गुरुजी, पाणी नाई पायत. नाव विचारायला लागला. फोन ठेवला.

१५ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ नाही. रागिणीला फोन केला. तानुबाईंनी तिला सगळं कळवलेलं. इंजिन फुटत नाई अशी जाणत्या माणसाची सही आणा, तवाच येतो, म्हणाली. नंतर डोळ्यांतून पाणी आलं. धुरामुळे असेल. आज चूल पेटवली नव्हती.

१९ जानेवारी
संघपालभाऊ सापडले. तेल मिलमध्ये तीस वर्षं बॉयलर सांभाळला त्यांनी. फक्त सही द्या म्हणून हात जोडले. म्हणाले, पयले थंड्या पाण्यानं टेस्ट करू, मंग सही. विस्तवाशिवाय कसली टेस्ट? पण सही नक्की.

२० जानेवारी
उद्यासाठी बंबासमोर रागिणीची खुर्ची मांडून ठेवली होती. तिला दिवा जवळून दिसावा म्हणून. वर उशी.

संघपालभाऊंनी अडकित्ता सोडला, बराच वेळ हातात धरून पाहत राहिले. मग बंब काठोकाठ भरला, शिट्टीच्या जागी पाण्याचा दाब वाढवायचा हातपंप जोडला आणि मला भिंतीआड उभं केलं. सात-आठ वेळा पंप मारला असेल. झाकणाचा डाग एका बाजूनं सुटला आणि पाणी सरळ त्या खुर्चीवर. उशी उडून अंगणात पडली. संघपालभाऊ म्हणाले, मास्तर, हे थंडं पाणी हाय. चहासुद्धा न घेता गेले.

रागिणीला फोन करून सांगितलं, इंजिन फुटलं. तुमाले लागलं तं नाई ना, एवढंच विचारलं तिनं. सकाळच्या गाडीनं निघते म्हणाली. मी बरं म्हणालो. खुर्चीचं सांगता आलं नाही.