धानाच्या कोठीतली बाळंतखोली

मंगळवार, वैशाख, सन १९३६

भिंतीत एक खिडकी पाडायले या दवाखानेवाल्यांचे हात काऊन कापतात? मालगुजाराच्या रिकाम्या धानाच्या कोठीले चुना मारला, की झाली दवाखान्याची बाळंतखोली. बाहेर ऊन भाजून राहिलं, आत बायका कुडकुडतात. म्हणतात, "दाईबाई, भिंतीत कोणी धान ओतते." मी हसली होती. आज दुपारी स्वतः भिंतीले पाठ लावून बसली. खरंच कोणी धान ओतून राहिलं होतं. हात ठेवला, तसं थांबलं.

कोठी कधी पार झाडत नाहीत, ती उपाशी राहू नये म्हणून तळाशी मूठभर धान ठेवतात. यांनी खराट्यानं सगळं काढलं. डॉक्टर म्हणतो, "उंदीर असतील, बाई." उंदरानं अंग गार पडते का?

माझ्या पोरीचे, सगुणाचे, दिवस भरत आले. तिले तिथं निजवणार नाही. उद्या डॉक्टरले तोंडावर सांगीन, "खिडकी पाडा, ऊन आत येऊ द्या, नाहीतर ओसरीत खाट टाका. हो का नाही, ते शुक्रवारपर्यंत बोला."