बोट धर, तमन्ना

वलवण,
रविवार, ता. १८ जानेवारी २०२६

चिरंजीव तमन्ना हिस,

दादीचा सलाम आणि पोटभर दुवा.

पत्र आलं की आधी चष्मा शोध. डोक्यावर असेल. जी पोरगी बॅगेला कुलूप लावते आणि दोन्ही किल्ल्या त्याच बॅगेत आत टाकते, तिला एवढी आठवण केलेली बरी. दत्ताभाऊ अजून वलवणभर सांगत फिरतोय, मास्तरीणबाईंचं कुलूप मी करवतीनं कापलं म्हणून. तिकडच्या पोरांना गणित शिकवतेस ना? शिकव बाई. घराची किल्ली मात्र त्यांच्यातल्याच एखाद्या शहाण्याकडं ठेवायला दे.

इकडं सगळं बरं आहे. धरणावरून गार वारा येतो, गुडघा आपलं काम चोख करतोय. तुझी मांजर तुझ्या मागं राहिलेल्या बॅगेवर झोपते. उठवलं तर माझ्याकडं अशी बघते, जसं काही तिला सगळं ठाऊक आहे.

लिहिणारी बबिता. आठवडाभर अंगणवाडीची पोरं सांभाळते आणि रविवारी मला. मी म्हटलं, बोलते तसं लिही. ती म्हणाली, ‘मावशी, तुमी बोला काय बी, मी आपलं शाळेतलं लिहिणार.’ तेव्हा हे पत्र थोडं माझं, थोडं अंगणवाडीचं. ‘चिरंजीव’ तिचं आहे. लिहून झालं की कागदांचे फोटो काढून तुला मोबाईलवर धाडणार आहे.

मग फोनवरच का बोलत नाही, म्हणशील. तीनदा बघितलं करून. तू ‘दादी’ म्हणालीस की मी हसते, जेवलीस का विचारते, आणि विषय संपतो. अठरा वर्षं मी असेच विषय संपवत आलेय. कागद हाक मारत नाही, म्हणून कागद.

आता विमानाचं.

तुझ्या शाळेनं दोन तिकिटं दाखवली होती, यातलं एक सांगा म्हणून. शुक्रवारचं विमान आधी अदिस अबाबाला उतरणार, तिथं सात तास बसायचं, मग दुसऱ्यात चढायचं, आणि बॅग एकच. रविवारचं मुंबईहून सरळ दारेसलामला, बॅगा दोन. पण उतरलीस की दुसऱ्या सकाळी वर्गात उभं राहायचं. चार दिवस तू मोबाईलवर दोन्ही बघत होतीस. चहात दोनदा साखर घातलीस, आमटीत एकदाही मीठ नाही. मग शाळेचा निरोप आला, आजच्या आज कळवा. तू ओट्यापाशी आलीस आणि उजव्या हाताची दोन बोटं पुढं केलीस.

‘दादी, बोट धर. एक शुक्रवार, एक रविवार. कुठलं कुठं ते मी मनात ठेवलंय.’

हा खेळ मीच तुला शिकवलेला. गोड खायचं की तिखट, लाल बांगड्या की हिरव्या, सगळं आपण बोटावर ठरवलं. कायदा एकच, धरलं बोट बदलायचं नाही. मी तुझं मधलं बोट धरलं. शुक्रवार निघाला. तू म्हणालीस, ‘अल्लाची मर्जी.’

पोरी, अल्लाचा त्यात काही संबंध नव्हता. मर्जी माझी होती.

तू चार वर्षांची होतीस तेव्हापासून, तुला हवं ते ज्या बोटावर असतं, ते बोट जरासं वर उचललं जातं. ज्वारीच्या दाण्याएवढं. तुला ते माहीत नाही, मी कधी सांगितलं नाही. असली माहिती कोण वाटतं? त्या दिवशी अंगठ्याजवळचं बोट उचललं होतं. तुला रविवार हवा होता. कुणाही शहाण्या माणसाला तोच हवा असता. मी ते बघितलं आणि दुसरं धरलं.

का, तर तुला शाळेआधी एक दिवस विसावा मिळावा.

हे मी सांगितलं आणि बबितानं पेन खाली ठेवलं. म्हणाली, ‘मावशी, खरं सांगणार असाल तर लिहिते. न्हाईतर घरी वाटाणे सोलायचे पडल्यात.’

लय टोचते ही बाई. पण तिचं खरं आहे.

त्याच्या दोनच दिवस आधी तुझ्या अम्मीचा, नूरचा, माझ्या डबड्या फोनवर फोन आला होता. ‘अम्मा, तमन्ना परदेशी चाललीय म्हणं. तीन तारखेला शनिवारची सुट्टी मिळतीय मला. येऊ का? तिला इचारा एकदा. तिला फोन करायचं तोंड न्हाई माजं.’

‘ये की,’ मी म्हटलं, ‘तुजंच घर हाय.’

किती गोड बोलले! आणि तुला विचारलं नाही. विचारते, विचारते म्हणत दोन दिवस काढले. रविवारचं विमान म्हणजे शनिवारी तू घरात असणार. ती येणार, तू तिच्या गळ्यात पडणार, दोघी रडणार, आणि मी चहाचे कप उचलत फिरणार. पोर वाढवली मी आणि जाताना तिच्या डोक्यावर शेवटचा हात नूरचा. एवढंच डोक्यात होतं. तेवढ्यासाठी तुला सात तास परक्या मुलखात बसवलं, तुझी अर्धी पुस्तकं खाटेखाली राहिली. बॅगेचा पट्टा पायाला गुंडाळून खुर्चीतच झोपले, असं तू फोनवर हसत सांगितलंस. मी पण हसले. फोन ठेवल्यावर वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं.

अजून आहे. पाणी पिऊन सांगते.

शुक्रवारी सकाळी उंबऱ्यात मी तुझ्या दंडावर इमाम जामिन बांधला. रुपया, हिरवं कापड, प्रवासात राखण म्हणून, आपल्याकडं बांधतात तसा. गाठ मारत होते तेव्हा तू हळूच म्हणालीस, ‘अम्मी आली असती तर बरं वाटलं असतं. पण मी कुठल्या तोंडानं बोलवू, दादी? बोट तर मीच धरलं होतं.’

मी काय म्हटलं, आठवतंय? ‘गाडीवाला खोळंबलाय.’

दुसऱ्या दिवशी नूर आली. तिला ‘येऊ नकोस’ म्हणून सांगायलासुद्धा मी फोन केला नव्हता. नवी ओढणी, हातात स्टीलचा डबा. दारातूनच आत डोकावली. ‘कुटं हाय?’

‘काल गेली. विमानवाल्यांनी तारीख बदलली ऐन वेळेला.’

बघ, किती पटकन आलं तोंडात. विमानवाल्यांची माफी कुठं जाऊन मागू?

ती उंबऱ्यावरच बसली. मला वाटलं भांडेल. भांडली असती तर मी जिंकले असते, माझं तोंड तुला माहीत आहे. पण ती उठली, माझ्याकडं बघून म्हणाली, ‘तुमी तर पार एकट्या पडला, अम्मा. जेवला का काल?’ मग तिनं झाडू मारला, भांडी घासली, मला चहा करून दिला. साखर किती लागते ते तिला अजून पाठ आहे. जाताना डबा ठेवला. गुळाचे रोट, वर खसखस, तुला लहानपणी आवडायचे ते. त्यावर हिरव्या कापडात शिवलेला इमाम जामिन. तुझा दुसरा दंड मोकळा होता की.

दारात वळून हसली. ‘तवा पन पोरीनं तुमचंच बोट धरलं, अम्मा. माज्या नशिबातच न्हाई ती.’

तेव्हापासून पंधरा दिवस मी बबिताच्या मागं लागलेय, पत्र लिही. आणि ती लिहायला बसली की मीच म्हणते, आज नको, उद्या.

आता जे राहिलंय ते एका दमात सांगते. बबिता, थांबू नकोस.

तुझा अब्बा, माझा आवेज, गेला तेव्हा तू सहा वर्षांची. दोन वर्षांनी नूरच्या माहेरच्यांनी तिचा शिरगावच्या याह्याशी निकाह लावला. त्यात तिची काही चूक नव्हती, सव्वीस वर्षांची पोर ती. निकाहनंतर आठव्या दिवशी ती तुला न्यायला आली. तुला नवा फ्रॉक आणला होता, पिवळा. याह्या बाहेर टेम्पोत बसून होता. तुझी गादी ठेवायला मागं जागा करून आलेला, चांगला माणूस. माझा मुलगा मातीत, आता नात पण चालली. मी म्हटलं, पोरीलाच ठरवू दे. तुझ्यासमोर दोन बोटं धरली. ‘बोट धर, तमन्ना. एक शिरगाव, एक वलवण. कुठलं कुठं ते माझ्या मनात.’

तू तुझ्या अम्मीकडं बघितलंस, माझ्याकडं बघितलंस. मग अंगठ्याजवळचं धरलंस.

‘वलवण,’ मी म्हटलं.

नूरनं फ्रॉक खाटेवर ठेवला आणि गेली. धरलं बोट बदलायचं नाही, हा कायदा तिला पण माहीत होता.

तमन्ना, मधलं धरलं असतंस तरी मी वलवणच म्हटलं असतं. दोन्ही बोटांवर वलवण होतं. शिरगाव कुठल्याच बोटावर नव्हतं.

तू अम्मीला सोडलं नाहीस. तिनं तुला टाकलं नाही. अठरा वर्षं तुला वाटतं तू तिच्या तोंडावर नाही म्हणालीस, तिला वाटतं पोटची पोर नाही म्हणाली, आणि मी दोघींच्या मध्ये बसून रोट खाते. खाल्ले मी. अकरातले तीन. बाकीचे आठ तुझ्यासाठी डब्यात आहेत.

बबिता डोळे पुसतेय आणि माझ्याकडं बघत नाही. शेजारणीनं नजर वळवली तर एवढं लागतं, तू काय करशील ते मला धीर धरून बघायचंय. माफी मागत नाही. तू देशील, हे मला पक्कं माहीत आहे, म्हणूनच मागायची लाज वाटते. चार दिवस फोन उचलला नाहीस तर मी समजेन. पाचव्या दिवशी मात्र जेवलीस का ते कळव. मला नाही तर बबिताला.

गुरुवारी बबिताला घेऊन शिरगावला जातेय. हेच सगळं नूरच्या समोर बोलायचं, कागदाविना. तिनं हाकललं तर परतीची एसटी आहे. तुला आधी सांगितलं, कारण बोट तुझं होतं.

सुट्टीला येशील तेव्हा आधी कुठल्या दारात जायचं ते तू ठरव. सहीला मी अंगठा देते, तुला माहीत आहे. आज दोन बोटं शाईत बुडवून टेकवलीत. एक शिरगाव, एक वलवण. खाली बबितानं नावं लिहिलीत, वाचून धर.

तुझी, तू म्हणू देशील तोवर,
दादी
बिस्मिल्ला

ता. क. तुमच्या शाळेतले ते तळेगावचे प्रज्ञेश सर फेब्रुवारीत घरी येणार आहेत म्हणालीस, काय पाठवू विचारत होतीस. काजू पाठव, खारे नकोत, साधे. सगळे शिरगावला, नूरच्या नावानं. मला दाढदुखीसाठी मूठभर लवंगा हव्यात, पण वेगळी पुडी करू नकोस. त्या पण तिच्याच पिशवीत घाल. मी मागून घेईन तिच्याकडं.