फुल बॅक कोण मोठा, याविषयी धाकट्या साडूचं म्हणणं

लीड्स, रविवार, १५ ऑक्टोबर २००६

तीर्थस्वरूप कमलाकरराव यांना धाकटा साडू रघुवीर याचा ताठ मानेने साष्टांग नमस्कार. (दोन्ही एकदम जमत नाही हे ठाऊक आहे, पण यंदा मी तसाच घालणार.) मेलबर्नला तुमची शुगर, सुमेधाताईंची कंबर आणि परसातले टोमॅटो ठीक असतील असं धरून चालतो. इकडे एक गुडघा सोडला तर सगळं क्षेम आहे. गुडघ्याचं पुढे येईल.

हे पत्र माफीचं आहे अशी सुलक्षणाची समजूत आहे. ती समोर बसून मेथी निवडते आहे आणि माझं पेन हलताना बघून समाधानात आहे. मी माफी मागणार नाही. जुलैत तुम्ही आमच्याच सोफ्यावर बसून, आमचाच चिवडा खात, तुमच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या टेपा लावल्यात आणि जाहीर केलंत की सिल्व्हॅनीसारखा बचावपटू झाला नाही, होणार नाही. मी लिओ बॅरीचं नाव काढलं तर म्हणालात, "तो बुटका?" बॅरी बिचारा सहा फूट आहे, तुमच्या त्या राक्षसांत कमी दिसतो इतकंच. मी पाच फूट तीन आहे, कमलाकरराव, आणि तुम्ही ते माझ्याकडे बघत म्हणालात! मग मीही तुमच्या अकलेविषयी बोलायचं ते बोललो, तुम्ही दोन दिवस आधीच हीथ्रो गाठलंत, आणि तेव्हापासून दोघी सख्ख्या बहिणींचा रविवारचा फोन बंद आहे.

आता मुद्दा. सिल्व्हॅनी गोलच्या तोंडाशी आपल्या माणसाला चिकटला की चिकटला, आलेला चेंडू ठोसा मारून उडवणार. मान्य. तुमच्या दुसऱ्या लाडक्या बचावपटूचे, त्या फ्लेचरचे, हात इतके लांब की आमच्या माळ्यावरची सूटकेस शिडीशिवाय काढेल. तेही मान्य. पण लांब हात आईबापांकडून येतात, त्यात याचं काय कर्तृत्व? बॅरीचं बघा. गेल्या वर्षीची फायनल, त्याची सिडनीची टीम चार गुणांनी पुढे, शेवटचे काही सेकंद, चेंडू घोळक्यावर आलेला, आणि हा गडी सगळ्यांत उडी घेऊन तो झेलतो! मी कॉलेजात कबड्डीचा कोपरा सांभाळायचो (हे सांगून झालंय, पुन्हा ऐका), म्हणून सांगतो, वेळ साधणं हीच बचावाची खरी ताकद.

ते सिद्ध करायला मी इथल्या पार्कातल्या हौशी टीमकडे गेलो. सगळे घरची आठवण काढणारे ऑस्ट्रेलियन. त्यांचा एक गडी आजारी, म्हणून चौपन्नाव्या वर्षी मला फुल बॅकला, म्हणजे थेट गोलच्या तोंडाशी बचावाला, उभं केलं. पहिल्याच मिनिटाला मी समोरच्या फॉरवर्डचा घोटा धरला. चेंडू त्याच्याकडे नव्हता, ही किरकोळ बाब. तो ओरडत राहिला, आणि गड्याच्या तोंडून आवाज चालू आहे तोवर पकड सोडायची नाही, हे माझ्या अंगात मुरलेलं. त्यांना फ्री किक मिळाली आणि गोलही. हाफ-टाइमला कॅप्टनने अगदी प्रेमाने विचारलं, त्यापेक्षा गोल झाला की हलवायचे झेंडे घेऊन खांबाशी उभे राहाल का? मी साफ नाही म्हटलं. मग शेवटी चेंडू घोळक्यावर आला आणि मी उडी घेतली. अगदी बॅरीसारखी. चेंडू हातात बसला, शपथेवर सांगतो. फक्त खाली उतरायचं तेवढं चुकलं.

तेव्हा माझं मत कायम आहे. बॅरी.

आपला, एका शब्दाचीही माफी न मागितलेला,
रघुवीर

ता. क. गुडघ्याचं ऑपरेशन दोन नोव्हेंबरला आहे. पुढे सहा आठवडे पाय टेकायचा नाही.

आणखी ता. क. सुलक्षणा अजूनही दर रविवारी सकाळी फोनशेजारी खुर्ची ओढून बसते. मला म्हणते, इथे ऊन चांगलं येतं. लीड्समध्ये! मला भूल दिल्यावर ती हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये एकटी बसणार, याची मला ऑपरेशनपेक्षा जास्त भीती वाटते.

शेवटचा ता. क. सुमेधाताईंना घेऊन या. उड्या मारायला मी एकटा पुरे झालो, आता आपलं माणूस सोडून न हलणारा कोणीतरी घरात हवा. सिल्व्हॅनीच्या टेपाही आणा. मी आडवा असेन, त्यामुळे उंचीचा प्रश्न निघणार नाही.