गाडीला हात मीच लावणार

५ नोव्हेंबर १९७८, रविवार
स्कूटर आली. सेकंडहँड आहे, पण डॉक्टरच्या हातची. डॉक्टर लोक रोग्याकडे बघत नसतील, गाडीकडे बघतात. आकाशी रंग. वच्छलेने हळदकुंकू लावलं, नारळ मी फोडला. तिसऱ्या फटक्यात फुटला. नारळ हलक्या दर्जाचा होता.

दुपारी सीताबर्डीच्या गल्लीत नत्थूजी मिस्त्रीला सहज दाखवून आणली. लिंबाच्या झाडाखाली पेटी मांडून बसतो, चौथी पास. त्याने गाडीला हातही लावला नाही. नुसता कान दिला आणि म्हणाला, "गाडी चांगली आहे साहेब. तेल बेताचं टाकत जा अन् तिले जास्त छेडू नका." चौथी पास माणूस मला, सरकारी हेडक्लार्कला, सांगून राहिला!

संकल्प : या गाडीला माझ्याशिवाय कोणी हात लावणार नाही. मेंटेनन्सचं इंग्रजी पुस्तक आणलं आहे. प्रस्तावना वाचून झाली.

६ नोव्हेंबर, सोमवार
वच्छलेला नोकरी लागली. इंदोऱ्याकडच्या मुलींच्या शाळेत, रजेवरच्या बाईंच्या जागी. काम चांगलं वाटलं तर जूनपासून पक्की करतील. दिवाळीच्या सुट्टीनंतर २० तारखेपासून, सकाळी सातला. लग्नाआधी बी.एड. केलं होतं, बारा वर्षांनी कामी आलं. आज ती पोळ्या लाटताना गुणगुणत होती.

अडचण एकच. धरमपेठेतून पहिली बस पकडली तर शाळेत सव्वासातच्या आत पोचणं नाही. म्हणाली, महिन्याची सायकलरिक्षा लावू. मी हसलो. दारात स्कूटर असताना माझी बायको रिक्षातून जाणार? शेजारचे वामनराव वीस वर्षं एकच सायकल चालवून राहिले, त्यांना शोभतं ते. म्हटलं, मी सोडून देईन. रोज. घड्याळ लावून घे.

१२ नोव्हेंबर, रविवार
गाडीत सुधारणा. विंडशील्ड, दोन आरसे, सीटला केसाळ कव्हर, मागच्या चिखलरबरावर माझी आद्याक्षरं. जादा हॉर्नही बसवला. वायर स्वतः जोडली. आता हॉर्न वाजवला की दिवा लागतो. रात्रीच्या वेळी उपयोगी आहे.

वच्छलेने विचारलं, क्लचची वायर तुटायला आली आहे म्हणत होतात, ती बदलली का? बायकांना बारीकसारीक गोष्टींतच रस.

१५ नोव्हेंबर, बुधवार
पुस्तकाचं पहिलं प्रकरण. तेल हे इंजिनचं जीवन आहे, असं स्पष्ट लिहिलं आहे. पंपावरचा माणूस पेट्रोलमध्ये एक माप तेल टाकतो. मी दोन टाकायला लावली. तो म्हणाला, धूर मारेल साहेब. पंपावर काम करणाऱ्याला काय कळतं! घरात तूप वाढताना हात आखडणारे लोक असतात, तसंच हे.

१९ नोव्हेंबर, रविवार
रंगीत तालीम. एकट्याने शाळेपर्यंत जाऊन आलो. सोळा मिनिटं. पहिल्याच किकला सुरू झाली. म्हणजे गाडी आडवी करून, चोक ओढून, आधीच्या दहा किक सोडल्या तर पहिल्याच.

२० नोव्हेंबर, सोमवार
६.५२ ला शाळेच्या फाटकात! वच्छला उतरली, पदर सारखा केला, आत गेली. वळून हसली. मी हॉर्न वाजवला, दिवा लागला. धूर थोडा जास्त होता. फाटकाजवळच्या मुली खोकत होत्या. हल्लीच्या मुलींची प्रकृतीच नाजूक.

२३ नोव्हेंबर, गुरुवार
७.१०. उशीर. थंडीमुळे. प्लग काळा पडला होता. पॉलिश पेपरने घासला, बोट भाजलं. वामनराव फाटकाशी उभं राहून म्हणाले, "मधुकरराव, सायकल देऊ का?" सायकल! आभार मानले नाहीत.

तेल आणखी अर्धं माप वाढवलं. थंडीत माणसालाही जास्त लागतं.

२६ नोव्हेंबर, रविवार
कार्बोरेटर उघडला. पुस्तकात चित्र आहे. सगळे भाग क्रमाने कागदावर मांडले होते. वच्छला झाडायला आली आणि क्रम गेला. भाग रॉकेलमध्ये धुतले. स्टोव्हचं रॉकेल होतं. रेशनचं पुढचं महिनाअखेरीनंतर मिळेल. स्वयंपाक शेगडीवर झाला. वच्छला धुरात डोळे पुसत होती.

जोडताना एक छोटी स्प्रिंग आणि एक वॉशर उरलं. विचार केला. जोडायला जागाच दिसत नाही, अर्थात ते जादाचे. डबीत ठेवले.

२७ नोव्हेंबर, सोमवार
७.२५. गाडी चालली, पण थांबायला तयार नव्हती. ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिन ओरडतच राहिलं. शाळेसमोरून दोनदा पुढे गेलो. तिसऱ्या फेरीला पेट्रोलचा कॉक बंद केला. हे सुचणं ही माझी हुशारी, पण कोणी दखल घेतली नाही.

मुख्याध्यापिका रुख्मिणीबाईंनी वच्छलेला ऑफिसात बोलावलं. म्हणाल्या, मुली वर्गात बसलेल्या असतात आणि तुम्ही फाटकावरून फेऱ्या मारत असता. आणखी एकदा उशीर झाला तर यादीतल्या दुसऱ्या बाईंना बोलवावं लागेल.

वच्छलेने हे जेवताना, मान खाली घालून सांगितलं. म्हटलं, काळजी करू नको, बाईंना विषयच समजलेला नाही. मी समजावतो.

२८ नोव्हेंबर, मंगळवार
गाडी रॉकेलच्या वासातच पडून आहे. वच्छला रिक्षाने गेली. तात्पुरतं.

ऑफिसात बसून रुख्मिणीबाईंना पत्र लिहिलं. तीन पानं. टू-स्ट्रोक इंजिनचं तत्त्व, हिवाळ्यातली हवा, पेट्रोलची घसरलेली प्रत. सोबत आकृती. पोस्टात टाकलं. वच्छलेला सांगितलं नाही; उगाच टेन्शन घेते.

१ डिसेंबर, शुक्रवार
उत्तर आलं. पोस्टकार्ड. "पत्र पोचले. शाळा सकाळी सातला भरते."

एवढंच! आकृतीबद्दल चकार शब्द नाही. शिक्षण क्षेत्राची ही दशा. कार्ड नेमकं वच्छलेच्या हातात पडलं. दोनदा वाचलं, माझ्या ताटाशेजारी ठेवलं आणि वाढायला लागली. मला वाटतं, मी तिची बाजू घेतली याचं तिला बरं वाटलं.

३ डिसेंबर, रविवार
स्प्रिंग बसली! दिवसभर खपलो, पण जागा सापडली. वॉशर खरोखरच जादाचं आहे. संध्याकाळी चौकापर्यंत चक्कर मारली. वच्छलेला म्हटलं, उद्या रिक्षावाल्याला सुट्टी दे. ती म्हणाली, "नको. अजून काही दिवस राहू द्या." मी म्हटलं, माझ्यावर विश्वास नाही? तिने सहामाहीचे पेपर मोजून गठ्ठा बांधला. मग म्हणाली, "बरं."

४ डिसेंबर, सोमवार
तपशील लिहिलाच पाहिजे.

६.२० ला निघालो. वच्छलेच्या मांडीवर सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा. व्हरायटी चौकात गाडीने दोन आचके दिले आणि मेली. आडवी केली. किक मारली. प्लग काढला, घासला, लावला. किक. चहाच्या टपरीवरचे लोक कप हातात घेऊन बघत होते. एक म्हणाला, "काहून मारून राहिले जी बिचारीले?" नागपूरच्या लोकांना दुसऱ्याच्या कामात तोंड घालायची खोड आहे.

६.४० झाले. वच्छला म्हणाली, "अहो, मी रिक्षा बघते." मी म्हटलं, दोन मिनिटं. ६.४४ ला पुन्हा म्हणाली. मी म्हटलं, आता लागतेच, तू जरा मागून ढकल. तिने पेपर फूटपाथवर ठेवले आणि ढकललं. साडीत, भर चौकात. वाऱ्याने चार-पाच पेपर उडाले. ते गोळा करताना ती म्हणाली, "माझं पहिलंच काम आहे हो हे. बारा वर्षांनी मिळालं."

तिचा आवाज बसल्यासारखा वाटला. थंडीमुळे असेल.

मग तिने रिक्षा थांबवली. मी अजून एक किक मारत होतो. वर बघितलं तर ती गेली होती.

गाडी ढकलत नत्थूजीकडे नेली, कारण तो जवळ होता, दुसरं काही नाही. त्याने सायलेन्सर खोलला. आतून डांबरासारखा काळा चिखल निघाला. त्याने माझ्याकडे बघितलं. "किती तेल पाजून राहिले साहेब तिले?" अडीच मापं, म्हटलं. तो म्हणाला, "इंजन हाये जी हे. बाळंतीन नाही."

सायलेन्सर विस्तवात जाळून साफ केला, क्लचची वायर बदलली, कसलासा स्क्रू पाव फेरा फिरवला. मी सुचवणार होतो तेच त्याने केलं.

दुपारी वच्छला आली. घंटा वाजत असताना फाटकात शिरली म्हणे. रिक्षावाला उभ्याने पायडल मारत होता. रुख्मिणीबाई पायरीवर उभ्या होत्या. घड्याळ बघून आत गेल्या. हे सगळं तिने मी विचारल्यावर सांगितलं. आपणहून नाही.

५ डिसेंबर, मंगळवार
गाडी उत्तम. एका किकमध्ये. पण बारकाईने ऐकल्यावर आवाजात किंचित कमी जाणवली. अडाणी माणूस अंदाजपंचे स्क्रू फिरवणार, दुसरं काय! पुस्तक समोर ठेवून मी तो अर्धा फेरा सुधारला.

६ डिसेंबर, बुधवार
लागली नाही. वच्छला पाच पन्नासलाच रिक्षाने गेली होती. तिने मला उठवलं नाही. मी बसने ऑफिसला.

१० डिसेंबर, रविवार
सकाळी ७.३०. स्कूटर चोरीला गेली!! अंगणात नाही. पोलिसांत द्यायच्या तक्रारीचा मसुदा केला : रंग आकाशी, चिखलरबरावर आद्याक्षरं.

सकाळी ८.००. साक्षीदार म्हणून वामनरावांकडे गेलो. ते दात घासत होते. म्हणाले, चोरी कसली, वहिनी सहा वाजता ढकलत घेऊन गेल्या. सीताबर्डीच्या चढापर्यंत मीही हात लावला. तुम्ही झोपला होतात.

सकाळी ११.१५. वच्छला आणि नत्थूजी गाडीसह हजर. नत्थूजी चालवत, ती मागे. फाटकात उतरली आणि नत्थूजीला म्हणाली, "साहेबांना सांगा ना, मला सांगितलं ते." तो डोकं खाजवून म्हणाला, "साहेब, राग नका मानू. गाडी आता टकाटक आहे. पण एक महिना तुम्ही तिले हात नका लावू." मी विचारलं, मग चालवणार कोण? त्याने वच्छलेकडे बघितलं. वच्छला म्हणाली, "मी शिकून राहिली."

मी खूप हसलो. दोघांपैकी कोणीच हसलं नाही.

२४ डिसेंबर, रविवार
नाताळची सुट्टी. मैदानावर वच्छलेचं शिक्षण. नत्थूजी शिकवतो, थिअरी माझी. पुस्तक घेऊन गाडीच्या मागे पळत सूचना देत होतो : क्लच! गिअर! नजर समोर! तिने ब्रेक दाबला, मी मडगार्डवर आपटलो. नत्थूजी म्हणाला, "साहेब, तुम्ही सावलीत बसा ना जरा." माझ्या तब्येतीची काळजी घेतो. माणूस वाईट नाही, फक्त अडाणी.

तिने कोणाच्या मदतीशिवाय मैदानाला चार फेऱ्या मारल्या. चौथ्या फेरीत मोठ्याने हसत होती. लग्नात सुद्धा इतकी हसली नव्हती.

१४ जानेवारी १९७९, रविवार
महिना संपला. नियमाप्रमाणे गाडीला हात लावायला गेलो. टूलकिट सापडत नाही. वच्छलेला विचारलं. म्हणाली, ते नत्थूजीकडे ठेवलं आहे. सुरक्षित राहावं म्हणून असेल.

२९ जानेवारी, सोमवार
पक्कं लायसन्स काढायला दोघंही आरटीओत. माझंही काढायचं राहूनच गेलं होतं. इतके दिवस लर्नरवर भागत होतं. खडूने जमिनीवर आठचा आकडा काढलेला. त्याच्यावरून पाय न टेकता जायचं.

आधी मी. पहिला गोल छान. मधोमध आलो तर इंजिनच्या आवाजात काहीतरी खटकलं. थांबलो, खाली उतरलो, कान लावून ऐकलं. इन्स्पेक्टर ओरडला, काय झालं? म्हटलं, टॅपेट. तो म्हणाला, "या गाडीत टॅपेट नसतात साहेब. पुढच्या महिन्यात या."

मग वच्छला. पदर खोचला आणि पूर्ण आठ काढला. रांगेतल्या दोन पोरांनी टाळ्या वाजवल्या. इन्स्पेक्टरने विचारलं, कोणी शिकवलं? मी पुढे झालो. ती म्हणाली, "सीताबर्डीच्या नत्थूजींनी."

येताना मागे बसलो. वाटभर काही सांगायला मिळतं का बघत होतो. गिअर वेळेवर पडत होते. खड्डे चुकत होते. आवाजात काही खोट नव्हती.

३१ जानेवारी, बुधवार
रिक्षा बंद केली. आता ती स्कूटरने जाणार, एकटी. मी विचारलं, आणि मी? बसने जायचं? गाडी माझ्या नावावर आहे. तिने जरा विचार केला. म्हणाली, "तुमचं ऑफिस सिव्हिल लाइन्समध्ये, माझ्या वाटेवर. सोडून देईन. पण साडेसहाला निघावं लागेल. मी थांबणार नाही."

ताबडतोब हो म्हटलं. स्टाफने बघायला पाहिजे, स्कूटरवर कोण येतं ते.

१ फेब्रुवारी, गुरुवार
सकाळी ६.४५. ऑफिस.
आज सगळ्यांच्या आधी पोचलो. दाराला कुलूप आहे. साडेदहाला उघडेल. पायरीवर बसून लिहून राहिलो. पायरी गार आहे.