एक गोळी, दोन गोळ्या

९ मे २०१७

आमचे डॉक्टर, हार्दिक सर, हट्टाला पेटलेत! गरोदर बाईचं बीपी भडकलं की ते झटकन उतरवायला काही डॉक्टर एक गोळी देतात, काही दोन. चालतं दोन्ही. पण बरं कुठलं? म्हणून आता बायकांना विचारून, अंगठा घेऊन, चिठ्ठ्या टाकायच्या — कुणाला एक, कुणाला दोन. आणि सारखं बीपी बघत बसायचं काम कुणाचं? अर्थात माझं, सिस्टरचं. तलासरीच्या या उकाड्यात वॉर्डातला पंखासुद्धा धड फिरत नाही.

आज दोघी आल्या. रानशेतची बुधी — १८० वर ११६, पाय सुजून खांब झालेत. वेवजीची योगिताही तशीच, पण पहिलटकरीण, भेदरलेली. दोघींना आठवा महिना. चिठ्ठीत बुधीला दोन गोळ्या आल्या, योगिताला एक. खाटा शेजारीशेजारी. बुधीने विचारलं, "हिला एकच कशी?" पंगतीत वाढताना मी हात आखडता घेतला, असं बघत होती. म्हटलं, तसंच ठरलंय. गोळ्या हातावर ठेवल्या आणि बीपीचं मशीन आणायला गेले.

१० मे

बुधीचा नवरा जिव्या ताडगोळे घेऊन आला. तिने आधी योगिताला दिले, मग मला, उरले ते स्वतःला. अगं, तू खा की, म्हटलं. तर म्हणे, "आमचे पाड्यात एकलीनं खात नाय, बाय." योगिता आल्यापासून पहिल्यांदा हसली.

बुधीचं बीपी जरा उतरतं, की पुन्हा चढतं. योगिताचं मात्र छान! सर खूश. एक गोळी पुरते बहुतेक, म्हणाले.

११ मे

बुधीचं काही खरं नाही. डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणते. सकाळी परत दोन गोळ्या दिल्या. सर म्हणतात आता बाळंतपण उरकायलाच हवं, आणि इथे रक्त नाही, सिल्व्हासाच्या मोठ्या दवाखान्यात हलवू. गाडी येईपर्यंत जिव्या माझ्या मागेमागे. औषध बरोबर देताय ना? अरे, देतोय की, म्हटलं. शेजारच्या बाईपेक्षा दुप्पट देतोय.

१२ मे

बुधी गेली. काल वाटेतच झटके आले. मी सोबत होते. इंजेक्शन दिलं, काही उपयोग झाला नाही. बाळही गेलं.

जिव्याने तिचं लुगडं घडी करून काखेत घेतलं आणि निघाला. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१५ मे

योगिताला मुलगी झाली. दिवस कमी भरलेत, पण रडली खणखणीत. मला आनंद व्हायला हवा होता.

सरांनी नोंदवहीत लिहिलं — आत्तापर्यंत तरी मोठ्या डोसचा विशेष फायदा दिसत नाही. मला त्यांचा राग आला. का, ते कळत नाही. जे दिसलं तेच तर लिहिलं त्यांनी.

२५ मे

योगिता आज घरी गेली. पोरीला पदरात घेऊन बुधीच्या खाटेपाशी जरा उभी राहिली. म्हणाली, "बुधीबाय दर वेळी तिच्यातली एक गोळी माझे हातात ठेवायची. सिस्टरची वाटणी चुकली, म्हणायची."